उपशामक परिचर्या सहायक

असाध्य रोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णाची दैनंदिन शारीरिक शुश्रूषा नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली करणारा कर्मचारी. रुग्णास स्नान घालणे, कूस बदलणे, मुखाची निगा राखणे, अन्नपाणी भरविणे, मलमूत्रविसर्जनास साहाय्य करणे व मृत्यूनंतर देह स्वच्छ करणे ही त्याची प्रमुख कामे होत. रोगनिदान व औषधयोजना त्याच्या कक्षेत येत नाहीत. तथापि मरणोन्मुख व्यक्तीच्या सान्निध्यात कर्मचाऱ्यांपैकी बहुधा तोच सर्वाधिक काळ असतो. हॉस्पिस चळवळीचा इतिहास मुख्यतः संस्थापकांचा व वैद्यांचा म्हणून लिहिला गेला असल्यामुळे या कर्मचाऱ्याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो.

पूर्वपीठिका : ‘हॉस्पिस’ ही संज्ञा यजमान व अतिथी असे दोन्ही अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून आली आहे. मध्ययुगीन यूरोपातील हॉस्पिसे ही यात्रेकरू, निराधार व आजारी यांची आश्रयस्थाने होती. केवळ मरणासन्नांसाठी स्वतंत्र गृहे निघाली ती एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समधील लीआँ येथे झान गार्न्ये (१८११–५३) या विधवा स्त्रीने १८४२ मध्ये विधवांचा एक संघ स्थापन केला. या स्त्रिया संन्यासव्रत न घेता असाध्य व्रणांनी पीडित स्त्रियांची मलमपट्टी स्वहस्ते करीत. आजच्या सहायकाची पूर्वपरंपरा त्यांच्यापर्यंत नेता येते. आयर्लंडमध्ये मेरी एकेनहेड (१७८७–१८५८) यांनी स्थापिलेल्या धर्मभगिनींच्या संघाने १८७९ मध्ये डब्लिन येथे आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅक्नी भागात सेंट जोसेफ हे हॉस्पिस काढले. या सर्व ठिकाणी शुश्रूषा हे धर्मकृत्य मानले जाई. त्यामुळे वेतन, कामाचे तास व प्रशिक्षण हे प्रश्न उपस्थितच होत नसत.

आधुनिक चळवळ : आधुनिक हॉस्पिसचा पाया सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी घातला. त्या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताने भावी संस्थेसाठी त्यांना ५०० पौंड ठेवले. पुढे त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या (१९५७) आणि सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये त्यांनी वेदना उसळण्याची वाट न पाहता ठराविक अंतराने मॉर्फीन देण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. लंडनच्या सिडनम भागात १९६७ साली ५४ खाटांचे सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस सुरू झाले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखे एकत्रित होऊन ‘समग्र वेदना’ निर्माण होते, ही साँडर्स यांची कल्पना सहायकाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. वेदना समग्र असेल, तर उशी नीट करणाऱ्या हाताचेही स्थान उपचारात येते. अमेरिकेत फ्लॉरेन्स वॉल्ड यांच्या प्रयत्नाने १९७४ मध्ये कनेटिकट हॉस्पिसचे कार्य सुरू झाले. ‘उपशामक परिचर्या’ ही संज्ञा याच सुमारास माँट्रिऑलचे शल्यचिकित्सक बॅल्फर माउंट यांनी रूढ केली.

कामाचे स्वरूप : या कामात वरवर साध्या दिसणाऱ्या कृतींना विशेष अर्थ असतो. दीर्घकाळ एकाच कुशीवर राहिल्याने शय्याव्रण होतात. म्हणून रुग्णास ठराविक अवधीने वळवावे लागते. परंतु अखेरच्या काही तासांत वळविणेच यातनादायक ठरू शकते व तेव्हा नियमापेक्षा रुग्णाचे स्वास्थ्य श्रेष्ठ मानले जाते. मृत्यू जवळ आला असता भूक व तहान मंदावतात. अशा वेळी बळाने भरविल्यास ठसका लागण्याचा धोका असतो, म्हणून ओल्या बोळ्याने ओठ व जीभ भिजविली जातात. आपला माणूस उपाशी जातो आहे, या आप्तांच्या व्याकुळतेला प्रथम सामोरा जातो तोही बहुधा सहायकच. कपाळावरील आठी, स्पर्शासरशी आखडणारा हात, श्वासाची बदललेली लय ही चिन्हे अंग पुसताना त्याच्या लक्षात येतात आणि ती परिचारिकेस वेळीच कळविली, तर औषधाची मात्रा बदलता येते. मृत्यूनंतरही देह धुताना मृतास नावाने संबोधण्याची पद्धत अनेक हॉस्पिसांत आहे.

समाजशास्त्रीय अभ्यास : बार्नी ग्लेसर व अँसेल्म स्ट्राउस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कॅलिफोर्नियातील रुग्णालयांत मृत्यूविषयीची जाणीव रुग्णापासून कशी दडविली जाते, याचे विवेचन आहे. निकी जेम्स यांनी इंग्लंडमधील मरणासन्नांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून शुश्रूषा म्हणजे संघटन, शारीरिक श्रम व भावनिक श्रम यांची बेरीज होय, असे १९९२ मध्ये प्रतिपादिले. यांपैकी तिसरा घटक कामाच्या नोंदींत उतरत नाही आणि वेतनातही मोजला जात नाही. ज्यूलिया लॉटन यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या देहाची दुर्गंधी व स्राव आवरता येत नाहीत, असे रुग्ण विशेषेकरून हॉस्पिसमध्ये येतात. शांत व प्रसन्न मृत्यूच्या प्रचलित चित्रामागे सहायकाचे हे अदृश्य कष्ट असतात.

दर्जा व नियमन : अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने वृद्धांच्या आरोग्यविमा योजनेत हॉस्पिस सेवेचा समावेश झाला. तेथील नियमांनुसार सहायकास किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असून परिचारिकेने निदान १४ दिवसांतून एकदा रुग्णाच्या घरी जाऊन सेवेची पाहणी करावयाची असते. इंग्लंडमध्ये या वर्गाची सक्तीची नोंदणी नाही. कॅमिला कॅव्हेंडिश यांच्या २०१३ च्या अहवालात, परिचारिका म्हणून नोंद नसलेले १३ लाखांहून अधिक कर्मचारी इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष शुश्रूषेचा बहुतांश भार वाहतात, असे म्हटले आहे. त्यानंतर २०१५ मध्ये प्राथमिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सुरू झाले.

भारत : भारतात मरणासन्नाची शुश्रूषा परंपरेने कुटुंबाने, विशेषतः घरातील स्त्रियांनी केली. कलकत्त्यास कालीघाट येथे मदर तेरेसा यांनी १९५२ मध्ये ‘निर्मल हृदय’ स्थापन केले. तेथील स्वच्छता, जखमांची निगा व ममत्व यांची प्रशंसा करीत असतानाच प्रभावी वेदनाशामकांचा अभाव रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये द लॅन्सेट मधून निदर्शनास आणला. देशातील पहिले आधुनिक हॉस्पिस ‘शांती आवेदना’ हे डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली उघडले. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फीन दुर्मिळ झाले. २०१४ मधील दुरुस्तीने ही अडचण काही अंशी दूर झाली. केरळमध्ये कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणारी जाळी विकसित झाली व २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक परिचर्येचे धोरण जाहीर केले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे केंद्र चालते. तेथे आप्तांनाही रुग्णाची निगा राखण्याचे शिक्षण देतात.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत व घरोघरी हे काम करणाऱ्या स्त्रियांना ‘मावशी’ वा ‘आया’ म्हणतात. संबोधन नात्याचे असले, तरी त्या नात्याबरोबर प्रशिक्षण, निश्चित वेतन किंवा विश्रांतीचा हक्क येतोच असे नाही. कालीघाटच्या उदाहरणावरून औषधाविना ममत्व अपुरे असल्याचे दिसते. उलट केवळ औषधानेही भागत नाही, कारण ते केव्हा कमी पडते हे जवळ बसणाऱ्यालाच प्रथम कळते. मरणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा राखणे हे हॉस्पिसचे ध्येय आहे. ते ज्यांच्या हातून साध्य होते, त्यांची प्रतिष्ठा राखण्याचे कार्य मात्र बव्हंशी अपुरे राहिले आहे.