नागपुरातील उताऱ्याच्या खोलीचे भाडे व वास्तुरचना

अल्पकालीन मुक्कामासाठी घेतलेल्या खोलीचे भाडे हे केवळ चार भिंतींमधील जागेचे मोल नसते. छताची उंची, खिडक्यांची दिशा, हवेचा खेळ, आडोसा व परिसर यांचेही मोल त्यात मिसळलेले असते. वस्तू एकच दिसली तरी ग्राहक तिच्या निरनिराळ्या गुणांचे पृथक् मोल देत असतो, या विचारास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७४ साली शास्त्रीय रूप दिले. या तत्त्वाचा पडताळा पाहण्यास नागपूर शहर विशेष सोयीचे आहे. कारण येथील वास्तूची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते, तर मुक्कामाच्या जागेची मोठी ओढाताण हिवाळ्यात होते.

भोसलेकालीन महाल भागातील वाड्यांच्या रुंद भिंती, मधला चौक आणि रस्त्याकडील मोजकी दारे-खिडक्या ही उष्णतेशी केलेली तडजोडच होती. धर्मशाळेच्या ओवरीत उतरणाऱ्या वाटसरूस जो गारवा मिळे तो भिंतीतच असे, आणि त्याचे वेगळे मोल कोणी मागत नसे. १८६१ साली नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले व १८६७ मध्ये येथे रेल्वे आली. सिव्हिल लाइन्समध्ये उंच कवेलूची छपरे, चहूबाजूंच्या पडव्या व छताखालील झरोके असलेले बंगले उभे राहिले. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्यात येई. शासकीय विश्रामगृहांची रचनाही याच वळणाची होती. परंतु तेथील आकार सरकारने ठरविलेला असल्याने रचनेचे बाजारमूल्य त्यातून कळत नाही.

ते कळू लागले ते खासगी लॉजांमुळे. १९२५ साली रेल्वेस्थानकाची सध्याची इमारत उभी राहिली. पुढे स्थानक व सीताबर्डी यांच्या परिसरात लॉजांची दाटी झाली. अरुंद भूखंडावर अधिकाधिक खोल्या बसविताना समोरासमोरच्या खिडक्या गेल्या, छत खाली आले व कवेलूच्या जागी सिमेंटची पातळ स्लॅब आली. दिवसभर तापलेली ही स्लॅब रात्री आपली उष्णता खोलीतच सोडते. अशा रीतीने गारवा वास्तूतून निघून यंत्रात गेला, आणि यंत्रात जाताच त्याची किंमत निराळी मांडता येऊ लागली. साधी, कूलरची व वातानुकूलित अशी खोल्यांची जी प्रतवारी लॉजांच्या दरफलकावर दिसते, तिचे मूळ या स्थित्यंतरात आहे. कूलर हा वाळ्याच्या ताटीचाच यांत्रिक वंशज होय. वैशाखातील कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते, म्हणून तो उत्तम चालतो. आषाढाच्या दमट हवेत तोच निरुपयोगी ठरतो. त्यामुळे कूलरच्या खोलीस साध्या खोलीहून अधिक भाडे देण्याचे प्रयोजन ऋतूबरोबर बदलते.

हिवाळ्यात तर हा हिशेबच उलटतो. १९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले. परंतु १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून १९६० पासून विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरू लागले, व ते बहुधा डिसेंबरात भरते. मंत्र्यांसाठी रविभवन व नागभवन, सदस्यांसाठी आमदार निवास अशी सोय असली, तरी त्यांच्यामागून येणारे कार्यकर्ते, पत्रकार व गाऱ्हाणी घेऊन आलेले लोक यांना बाजारातच खोली शोधावी लागते. थंडीत कूलरला मोल नसते. तेव्हा विधानभवनाजवळची जागा, गरम पाणी व चार माणसांशी बसून बोलता येईल अशी खोली यांना मागणी येते. वास्तूचा एकच गुण वैशाखात महाग व मार्गशीर्षात निर्मोल ठरतो, यावरून भाडे गुणाचे नसून त्या गुणाच्या गरजेचे असते हे स्पष्ट होते.

या गरजेचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विदर्भातून व शेजारच्या राज्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांचा मुक्काम ऋतू पाहून ठरत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी गार खोली हा ऐषआराम नव्हे, ती प्रकृतिरक्षणाची बाब आहे. करव्यवस्थेस मात्र खोलीचा दर तेवढा दिसतो, त्यामागील कारण दिसत नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दररोज हजार रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्या करमुक्त होत्या. १८ जुलै २०२२ पासून ती सूट संपली.

म्हणून पश्चिमेच्या भिंतीस सावली, समोरासमोर झरोके आणि गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप या साध्या उपायांकडे केवळ शोभेच्या दृष्टीने पाहणे योग्य नव्हे. यंत्राचा गारवा दररोज विकत घ्यावा लागतो. भिंतीचा गारवा बांधतानाच एकदा घेतलेला असतो, आणि अडल्या माणसाकडून त्याचे वेगळे भाडे आकारणे सहसा शक्य होत नाही.