व्हायोलिनची स्वस्त तार आणि शल्यविशारदाचा टाका

१/
व्हायोलिन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आज सर्वांत स्वस्त मिळते ती पोलादी तार. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र बहुतेक नामवंत वादक तिला नाके मुरडत असत. हा बदल कसा घडला, याचा मागोवा घेताना वाट थेट रुग्णालयात आणि रणांगणावर जाते. त्या वाटेची ही कथा.

२/
मराठीत दोन वेगळे शब्द आहेत : धातूची ती ‘तार’ आणि आतड्याची ती ‘तात’. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या कमानीला असे, ती तातच. युरोपातील व्हायोलिनलाही शतकानुशतके तातच लावली जाई. इंग्रजीत तिला ‘कॅटगट’ म्हणत असले, तरी मांजराचा तिच्याशी संबंध नाही. आतडे असे ते मेंढीचे.

३/
ताजी आतडी धुवायची, क्षारयुक्त पाण्यात भिजवायची, खरवडायची, अनेक पदर एकत्र पिळायचे आणि ताणून वाळवायचे, अशी ही कष्टाची कारागिरी. रोम, नेपल्स, पादुआ ही तिची नामांकित केंद्रे. इटलीच्या आब्रुत्सी भागातील साल्ले या डोंगरी गावात तर तात वळणे हा पिढीजात व्यवसाय होता.

४/
अडचण होती ती सर्वांत उंच स्वराच्या तारेची, म्हणजे ‘ई’ची. ती सुमारे ६६० हर्ट्झवर लावतात. तिथवर चढवताना तात तुटण्याच्या मर्यादेच्या बरीच जवळ जाते. मग जाड तात का लावू नये? कारण जाडीबरोबर बळ वाढते, तसाच तोच स्वर मिळवण्यासाठी लागणारा ताणही वाढतो. निकाल जाडीवर नव्हे, तर पदार्थावर अवलंबून असतो.

५/
त्यात घाम आणि दमट हवा यांनी तात आणखी कमकुवत होई. मैफलीच्या मध्यात ‘ई’ तुटणे हा वादकांच्या नित्य अनुभवाचा भाग होता. श्रीमंत कलावंत जादा ताती जवळ बाळगी. नाट्यगृहात रोजंदारीवर वाजवणाऱ्याला मात्र प्रत्येक तुटलेली तात खिशाला जाणवे.

६/
आता रुग्णालयाकडे वळू. आतडी कुजवून सोलणाऱ्या कारखान्यांची दुर्गंधी असह्य असे. हा उपद्रव दूर करणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये पारितोषिक जाहीर झाले. आंत्वान लाबाराक या औषधविक्रेत्याने क्लोरीनयुक्त द्रावण वापरून ते १८२० च्या दशकाच्या आरंभी मिळवले. पुढे हेच द्रावण शवागारांत आणि रुग्णालयांत पोहोचले.

७/
१८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आतड्यांच्या दुर्गंधीवर शोधलेला उपाय असा वैद्यकाच्या कामी आला होता.

८/
पुढची पायरी जोसेफ लिस्टर यांची. १८६९ मध्ये त्यांनी कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक केलेल्या तातीने रक्तवाहिन्या बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा धागा शरीरात हळूहळू विरून जातो, म्हणून तो काढावा लागत नाही. आता एकाच आतड्यावर दोघांचा हक्क होता : वादकाचा आणि शल्यविशारदाचा.

९/
१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जखमींच्या रांगा लागल्या, टाक्यांच्या धाग्याची मागणी वाढली आणि शत्रुराष्ट्रांमधला व्यापार थांबला. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन हे वाद्ये आणि तारा बनवण्याचे मोठे केंद्र. तिथला माल ब्रिटनला मिळेनासा झाला. चांगली तात दुर्मीळ आणि महाग झाली.

१०/
पोलादी ‘ई’ तार युद्धापूर्वीच उपलब्ध होती. आता तिच्याकडे वळण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही. तिचा आवाज कर्कश वाटे, ती घोडीच्या लाकडात रुते, आणि खुंटी केसभर फिरली तरी सूर भलतीकडे जाई. त्यावर उपाय निघाले : घोडीवर चामड्याचा तुकडा आणि तार बांधतात त्या पट्टीवर सूर जुळवणारा बारीक स्क्रू. हा स्क्रू आजही जवळपास प्रत्येक व्हायोलिनवर दिसतो.

११/
युद्ध संपले, पण पोलादी ‘ई’ गेली नाही. ती तुटत नव्हती, हेच तिचे बळ. तरी बाकीच्या तारांवर तातीचे राज्य टिकले. यशा हायफेट्झ यांच्यासारखा विसाव्या शतकातील अग्रगण्य वादकही ‘ई’ पोलादी आणि मधल्या दोन ताती, अशी जोडणी वापरत असे. १९७० मध्ये व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड या संस्थेने ‘डॉमिनंट’ ही नायलॉनच्या जातीतील गाभ्याची तार आणली, आणि तातीचे उरलेसुरले राज्यही आकसले.

१२/
आपल्याकडे सारंगीने मात्र तातीची साथ सोडली नाही. तिच्या तीन मुख्य तारा आजही बहुधा आतड्याच्याच असतात. खालच्या अनुनादी तारा तेवढ्या धातूच्या. एकाच देशात, एकाच गायकीच्या साथीला, व्हायोलिनवर धातू आणि सारंगीवर तात अशी दोन्ही वाद्ये गजाने वाजतात.

१३/
व्हायोलिनचा आजचा लखलखीत ‘ई’ आपल्याला स्वाभाविक वाटतो. पण तो केवळ कानांनी निवडलेला नाही. किंमत, टिकाऊपणा आणि युद्धातली टंचाई यांनी तो आधी वाद्यावर चढवला. आवड मागाहून घडली. पुढच्या वेळी जुने ध्वनिमुद्रण ऐकाल, तेव्हा आधी हे पाहा, की त्या वाद्यावर तात होती की तार.