गिरणीतील धूळ आणि कामगारांचे श्वसनारोग्य (नांदेड–लातूर)

कापूस व कडधान्यांवर प्रक्रिया करणाऱ्या इमारतींतील सेंद्रिय धुळीचे कामगारांच्या फुप्फुसांवर होणारे परिणाम. नांदेडची उस्मानशाही मिल कापसाची होती, लातूरची ओळख डाळमिलची. माल वेगळा, धोका एकाच जातीचा. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आकसून ‘बिसिनोसिस’ होतो. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची खूण. धान्याच्या धुळीने खोकला व दमा बळावतो. धान्य चाळणाऱ्यांचे हे हाल इटालियन वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते.

तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधला की पुरे, असे म्हटले जाते. पण रुमालातून सूक्ष्म कण सहज आत जातात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे गेला असता पोती उचलणाऱ्याने पाळीभर घट्ट मास्क लावावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. खिडक्या उघडल्याने उष्मा कमी होतो, धुळीचा उगम तसाच राहतो. पंखा तर खाली बसलेली धूळ पुन्हा उडवतो. म्हणून पूर्वीच्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 14 ने धूळ उगमाजवळच शोषून घेण्यावर दिलेला भर योग्य ठरतो. खर्चाची अडचण लहान डाळमिलना खरोखरच असते. तरी निदान चाळणी, भरडणी व पोती भरण्याच्या जागी झाकण आणि शोषनळी बसवता येते, आणि धूळ सर्वाधिक उडते ती तिथेच.