रक्तदाब, गोळी आणि परतीची फेरी

रक्तदाबाचा इतिहास आपण बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून सांगतो. घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते, हे स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा वापरला. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी धमनीतला आवाज स्टेथोस्कोपने ऐकून वरचा व खालचा, असे दोन्ही आकडे मिळवले. १९५० च्या दशकाअखेर थायझाइड गटाच्या गोळ्या आल्या. साधन आले, औषधही आले. उरला तो रुग्ण दवाखान्यात परत येण्याचा प्रश्न.

ताप आला की माणूस दवाखाना गाठतो. वाढलेला रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही. काही होत नसताना रोज गोळी घ्यायची आणि तपासणीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला जायचे, हे कोणालाही जड वाटणारच. जामखेड, पाथर्डी भागातून तर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी कित्येक महिने बाहेर असतात.

या प्रश्नाचे एक उत्तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातच घडले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांना दिसले होते, की बरे होऊन गेलेले रुग्ण तोच आजार घेऊन परत येतात, कारण आजाराची मुळे गावात असतात. म्हणून गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. क्षय आणि कुष्ठरोग यांची औषधे दीर्घकाळ, न चुकता घ्यावी लागतात. तो पाठपुरावा या स्त्रियांनी केला; पुढे रक्तदाबही त्याच मोजू लागल्या. रुग्णाची फेरी कमी झाली, कारण तपासणीच त्याच्या दारी आली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हीच दिशा पुढे मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे प्रथम आले. ठरावीक औषधक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात गोळ्या आणि न आलेल्यांची वेगळी नोंद, ही त्याची सूत्रे.

ही शेवटची नोंद गणिताच्या तासाला घेण्याजोगी आहे. समजा, १०० रुग्णांची नोंद आहे, त्यांपैकी ६० तपासणीला आले आणि ४५ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आढळला. मग नियंत्रण ७५ टक्के की ४५ टक्के? आलेल्यांनी भागले तर पहिले उत्तर, नोंदलेल्यांनी भागले तर दुसरे. उरलेले ४० जण कुठे आहेत, हे दुसऱ्या उत्तरामुळेच विचारावे लागते. जामखेडच्या आरोग्यसेविका घरोघर जाऊन नेमके तेच विचारत होत्या.