परदेशातील स्वयंसेवा आणि अनाथालयांतील मुले

शालेय शिक्षण संपल्यानंतर आणि विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी एक वर्ष मोकळे ठेवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रुजली आणि पुढे ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, अमेरिका अशा देशांतही पसरली. या वर्षाला 'गॅप इयर' असे म्हणतात. पाठीवर मोठी पिशवी अडकवून आणि स्वस्त वसतिगृहांत मुक्काम करत देशोदेशी फिरणारे हे तरुण बऱ्याचदा प्रवासात काही आठवडे थांबून एखाद्या शाळेत किंवा अनाथालयात मुलांसोबत काम करतात. त्यांची सेवेची इच्छा बहुधा प्रामाणिक असते. मात्र गेल्या दोन दशकांत कंबोडिया आणि नेपाळ या देशांत जे उघडकीस आले, त्यामुळे या सेवेकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे.

प्रथेचा उगम

ॲलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही योजना सुरू केली. तिच्या पहिल्या तुकड्यांत नुकतेच शाळेतून बाहेर पडलेले तरुण होते. १९६१ मध्ये अमेरिकेने 'पीस कोअर' ची स्थापना केली. पीस कोअरचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही कार्यरत होते. या योजनांत निवड, प्रशिक्षण आणि दीर्घ मुक्काम यांना महत्त्व होते. व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीजने तर कालांतराने शाळकरी तरुणांऐवजी अनुभवी शिक्षक, परिचारिका, अभियंते यांना पाठवण्यावर भर दिला.

पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि गॅप इयरला प्रतिष्ठा लाभली. ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांनी २००० मध्ये आपल्या गॅप इयरचा काही काळ दक्षिण चिलीतील टॉर्टेल या गावी घालवला आणि तेथील मुलांना इंग्रजी शिकवले. त्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. याच काळात सेवेचे रूपांतर व्यवसायात झाले. स्वयंसेवकाने शुल्क भरावे, देश निवडावा आणि दोन किंवा चार आठवडे मुलांसोबत राहावे, अशा सहली विकल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी अनेक सहलींसाठी अध्यापनाचा अथवा बालसंगोपनाचा अनुभव आवश्यक नव्हता.

कंबोडियातील चित्र

ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्ये संपुष्टात आली आणि १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला. त्या संहारात पोरकी झालेली पिढी २००५ पर्यंत प्रौढ झाली होती. त्यामुळे अनाथालयांची संख्या घटावयास हवी होती. प्रत्यक्षात ती वाढली. कंबोडियाचे समाजकल्याण मंत्रालय आणि युनिसेफ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्था १५४ वरून २६९ वर गेल्या आणि त्यांतील मुलांची संख्या ६ हजार २५४ वरून ११ हजार ९४५ झाली. यांपैकी सुमारे चारातील तीन मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात होता.

याचे एक प्रमुख कारण पर्यटनात होते. अंगकोरची मंदिरे पाहण्यासाठी सिएम रीप येथे येणारे प्रवासी अनाथालयांना भेटी देत, देणग्या देत आणि काही दिवस तेथे कामही करत. संध्याकाळी पाहुण्यांसमोर पारंपरिक नृत्य सादर करण्याची जबाबदारी अनेक ठिकाणी मुलांवरच होती. पाहुणे येत राहावेत यासाठी मुले असणे आवश्यक होते, आणि ती खेड्यांतील गरीब कुटुंबांतून आणली जात. शिक्षण मिळेल, दोन वेळचे जेवण मिळेल, इंग्रजी येईल, या आशेने आई-वडील मुलाला पाठवत. म्हणजे अनाथ मुले होती म्हणून अनाथालये उभी राहिली, असे घडले नाही. भेट देणारे होते म्हणून अनाथालये उभी राहिली आणि त्यांच्यासाठी मुले गोळा झाली.

नेपाळमधील अनुभव

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या काळात माओवादी संघर्ष चालू होता. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील पालकांना मुलांच्या जिवाची चिंता होती. दलाल त्यांच्याकडून पैसे घेत आणि मुलांना काठमांडूत चांगल्या शाळेत घालण्याचे आश्वासन देत. त्यांतील अनेक मुले बालगृहांत पोहोचली आणि तेथे अनाथ म्हणून दाखवली गेली. ज्यांचे आई-वडील गावी वाट पाहत होते, ती मुले परदेशी पाहुण्यांना आपण पोरकी असल्याचे सांगत होती.

नेपाळमधील बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटलेली आढळली. हे जिल्हे देशातील सर्वांत गरीब जिल्हे नाहीत. पर्यटक मात्र येथेच सर्वाधिक येतात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मुलांची अशीच ने-आण पुन्हा होईल, या भीतीने नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली.

मुलांच्या मनावरील परिणाम

संस्था प्रामाणिकपणे चालवली जात असली तरी एक प्रश्न उरतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी एका व्यक्तीचा निरंतर, मायेचा सहवास आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. रुमानियात बुखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील १३६ बालकांचा मागोवा घेण्यात आला. त्यांतील काही बालकांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेत राहिलेल्या बालकांच्या तुलनेत त्यांची बौद्धिक वाढ आणि भावनिक नाती अधिक चांगली असल्याचे दिसून आले. विशेषतः वयाच्या दुसऱ्या वर्षापूर्वी कुटुंबात गेलेल्या बालकांना याचा अधिक लाभ झाला.

या पार्श्वभूमीवर दर पंधरवड्याला बदलणारे स्वयंसेवक मुलाच्या आयुष्यात काय घडवतात, याचा विचार करावा लागतो. मूल नवख्या पाहुण्याच्या गळ्यात पडते, त्याचा हात सोडत नाही. पाहुण्याला हा जिव्हाळ्याचा पुरावा वाटतो. तज्ज्ञांच्या मते अनोळखी माणसाशी अशी तत्काळ सलगी हे अनेकदा स्थिर मायेच्या अभावाचे लक्षण असते. पाहुणा निरोप घेऊन जातो आणि मुलाच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते.

सुरक्षिततेचा प्रश्न

कोणतीही चौकशी न करता परक्यांना मुलांमध्ये प्रवेश देण्याचा धोका रिचर्ड हकल या ब्रिटिश नागरिकाच्या प्रकरणातून जगासमोर आला. तो गॅप इयरच्या निमित्ताने प्रथम मलेशियाला गेला होता. पुढे इंग्रजीचा शिक्षक आणि स्वयंसेवक म्हणून वावरत त्याने गरीब वस्त्यांतील मुलांचे लैंगिक शोषण केले. जून २०१६ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ७१ गुन्ह्यांच्या कबुलीनंतर त्याला २२ जन्मठेपांची शिक्षा सुनावली.

गोवा आणि महाराष्ट्रातील दोन प्रकरणे गॅप इयरशी संबंधित नव्हती, तथापि परोपकाराच्या आडून होणाऱ्या शोषणाचे स्वरूप त्यांतून स्पष्ट झाले. मडगाव येथे बालगृह चालवणारा फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. मुंबईतील अँकरेज निवारागृहाच्या प्रकरणात डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांची मुक्तता केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मूळ शिक्षा कायम केली.

एका स्वयंसेविकेचा प्रवास

ऑस्ट्रेलियाच्या तारा विंकलर यांचा अनुभव या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. २००५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या प्रवासी म्हणून कंबोडियातील बाटमबांग येथे पोहोचल्या. तेथील एका अनाथालयाची स्थिती पाहून त्यांनी मायदेशी निधी जमवला. परत आल्यावर संस्थेतील गैरप्रकार त्यांच्या लक्षात आले. २००७ मध्ये स्थानिक सहकारी जेद्था पोन यांच्यासह त्यांनी १४ मुलांना तेथून बाहेर काढून नवे अनाथालय स्थापन केले.

मुलांची भाषा समजू लागल्यावर त्यांना कळले, की त्यांतील बहुतेक मुलांना घर आहे, नातलग आहेत आणि घरी परतण्याची ओढही आहे. तेव्हा त्यांनी आपल्या संस्थेची दिशाच बदलली. मुले कुटुंबांत परतली आणि मदतीचा ओघ संस्थेऐवजी कुटुंबांकडे वळला. आपणच उभारलेले अनाथालय ही चूक होती, हे त्यांनी पुढे जाहीरपणे मांडले.

धोरणांतील बदल

२०११ च्या सुमारास कंबोडियात मुले ही पर्यटनस्थळे नाहीत, असा संदेश देणारी मोहीम सुरू झाली. २०१३ मध्ये 'रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल' या ब्रिटिश कंपनीने अनाथालयांतील स्वयंसेवेच्या सहली आपल्या यादीतून काढल्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरील डिसेंबर २०१७ च्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा स्वतंत्र विचार केला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले.

भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी अनिवार्य आहे आणि संस्थेत दाखल करणे हा अखेरचा पर्याय मानला जातो. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना याच विचारावर आधारलेली आहे. तीत मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढवण्यासाठी दरमहा अर्थसाहाय्य दिले जाते.

जाण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रवासात सेवा करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी तपासून घ्याव्यात, असे बालहक्क क्षेत्रातील जाणकार सांगतात. हेच काम आपल्या देशात आपल्याला करू दिले असते काय, हा पहिला प्रश्न. संस्था पोलीस पडताळणीचा दाखला आणि पूर्वीच्या कामाचे संदर्भ मागते काय, हा दुसरा. मुलांशी एकट्याने संपर्क येतो काय, त्यांची छायाचित्रे देणग्यांसाठी वापरली जातात काय, भरलेले शुल्क नेमके कोठे जाते आणि हे काम केल्याने एखाद्या स्थानिक व्यक्तीचा रोजगार जातो काय, हेही पाहावे. प्रवेशपत्राचे नियमही महत्त्वाचे असतात. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर विनावेतन कामालाही परवानगी नाही.

मुलांना प्रत्यक्ष भेटणे हाच मदतीचा एकमेव मार्ग नाही. स्थानिक शिक्षकांचे प्रशिक्षण, शाळेचे बांधकाम, हिशेब, संगणक अशा कामांत कुशल स्वयंसेवकाची आवश्यकता असते आणि त्यात मुलाच्या भावनांना धक्का लागत नाही. पालकांना रोजगार आणि गावाला शाळा मिळाली, तर मूल घरातच राहू शकते.

आपल्याकडे वाढदिवस किंवा स्मृतिदिन अनाथाश्रमात साजरा करण्याची पद्धत आहे. मिठाई वाटली जाते, छायाचित्रे काढली जातात आणि दुपारपर्यंत पाहुणे घरी परततात. त्यामागील भावना चांगलीच असते. तरीही या भेटीतून मुलाच्या हाती काय उरते, हा कंबोडिया आणि नेपाळने विचारलेला प्रश्न तेथेही तितकाच लागू पडतो.