कॅलिक्रीन आणि ॲलर्जी नसलेली सूज

कॅलिक्रीन हे प्रथिनांचे विघटन करणारे विकर. फ्रे, क्राउट व वेर्ले या जर्मन संशोधकांनी १९३० मध्ये स्वादुपिंडाच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण केले. प्रोस्टेटसाठीच्या चाचणीत मोजले जाणारे पीएसए याच कुळातले. रक्तातील कॅलिक्रीन ब्रॅडिकिनिन मोकळे करते. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो. त्याला आवर घालणारे सी-१ इन्हिबिटर जन्मतः कमी असल्यास हातपाय, चेहरा, आतडी, प्रसंगी घसाही सुजतो आणि श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. या आनुवंशिक सुजेला बहुधा ॲलर्जीच समजतात. पण ॲलर्जीच्या गोळ्या वा स्टेरॉइडने ती ओसरत नाही. कॅलिक्रीन रोखणारी औषधे निघाली आहेत, पण फार महाग. ती हाताशी नसतील तेथे, मग ते बुऱ्हाणपूर असो वा काणकोण, रक्तपेढीतील गोठवलेल्या ताज्या प्लाझ्मावर भागवावे लागते. अर्थात, आधी डॉक्टरांना शंका यायला हवी : सूज आहे, पण खाज नाही, अंगावर गांधी नाहीत आणि घरात आणखी कोणालातरी असेच होते.