पुसलेल्या अक्षरांची साक्ष

गावात घरफोडी झाली, की जाणता पोलीस पाटील पहिली गोष्ट कोणती करतो? दारापाशी माणूस उभा करतो आणि बजावतो, "पंचनामा होईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही." कारण ठशावर दुसरं पाऊल पडलं, की ठसा गेला. आता शाळेत, सोसायटीत, बँकेत, तहसील कचेरीत काँप्युटर आले आहेत, आणि गुन्ह्याचे ठसे त्यांच्या पोटातही उमटू लागले आहेत. ते कसे शोधतात आणि त्यांवर किती विसंबावं, हे आपण एका घडलेल्या गोष्टीवरून पाहू.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. त्या भागात १९७४ ते १९९१ या काळात एकाच माणसानं दहा जणांचे खून केले. पहिल्याच दिवशी एका घरातली चार माणसं मारली. त्यांत दोन लेकरं होती. वर हा इसम पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना पत्रं लिहून आपली फुशारकी मिरवी. पुढं पत्रं थांबली. वर्षं लोटली, पण माणूस काही सापडला नाही.

२००४ साली पत्रं पुन्हा सुरू झाली. त्यानं पोलिसांना विचारलं : मजकूर फ्लॉपीवर पाठवला, तर माझा माग लागेल का? खरं उत्तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून द्या. पोलिसांनी जाहिरात दिली : काही हरकत नाही. त्यानं विश्वास ठेवला आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी तिथल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात जांभळ्या रंगाची फ्लॉपी येऊन पडली.

फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चकती. तिच्यावर उघड मजकूर थोडाच होता. पण तपासनिसांनी आत शोध घेतला, तेव्हा पूर्वी पुसून टाकलेल्या एका कागदाचे अवशेष हाती आले. त्या कागदाला दोन नोंदी चिकटलेल्या होत्या. एक, तिथल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचं नाव. आणि दुसरी, त्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्याचं नाव : डेनिस. त्या मंदिराच्या मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर.

आता तुम्ही विचाराल, पुसलेलं परत कसं दिसलं? ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. सूचीतली चिठ्ठी कुणी फाडली, तरी पुस्तक फळीवर राहतंच ना? त्या जागी दुसरं पुस्तक येईपर्यंत ते तिथंच असतं. फ्लॉपीचंही तसंच. फाइल पुसा म्हटलं, की यंत्र सूचीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून 'जागा मोकळी' एवढीच खूण करतं. मजकूर तसाच पडून राहतो. मात्र हे सगळीकडे खरं मानू नका. अलीकडच्या पुष्कळ काँप्युटरांतली साठवण निराळ्या जातीची असते. तिथं पुसलेला मजकूर थोड्याच वेळात कायमचा जाऊ शकतो.

हा शोध घेण्यासाठी खास सॉफ्टवेअर असतं. १९९८ साली आलेलं एनकेस हे त्यांतलं एक. ऑटॉप्सी नावाचं तर फुकटही मिळतं. पण सॉफ्टवेअरपेक्षा शिस्त मोठी. तपासनीस मूळ डिस्कवर काम करीत नाही. तिच्यावर चुकून एक अक्षरही लिहिलं जाऊ नये, अशी अटकाव करणारी जोडणी लावून तो तिची हुबेहूब नक्कल काढतो. रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. मग मूळ आणि नक्कल या दोहोंवरून गणितानं एकेक लांबलचक आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. ही त्या डिस्कची लाखेची मोहरच समजा. आत एक स्वल्पविराम बदलला, तरी आकडा पार निराळा येतो. दोन्ही आकडे जुळले, तरच नक्कल खरी.

बरं, नाव सापडलं म्हणून रेडर गुन्हेगार ठरला का? नाही. 'डेनिस' हे नाव यंत्रात कुणीही लिहू शकतं. म्हणून पोलिसांनी दुसरा पुरावा शोधला. त्याच्या मुलीचा दवाखान्यात ठेवलेला वैद्यकीय नमुना न्यायालयाच्या परवानगीनं तपासला, आणि खुनाच्या जागी मिळालेला अंश तिच्या जन्मदात्याचा असल्याचं निघालं. २५ फेब्रुवारीला, म्हणजे फ्लॉपी आल्यावर नवव्या दिवशी, त्याला पकडलं. जूनमध्ये त्यानं दहाही खून कबूल केले. ऑगस्टमध्ये लागोपाठ दहा जन्मठेपा झाल्या. फ्लॉपीनं दिशा दाखवली. गुन्हा शाबीत झाला तो बाकीच्या पुराव्यानं. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हा फरक आवर्जून सांगावा.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणाचा. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी ठरवलं : मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल आणायची, तर तिच्या खरेपणाचा कायदेशीर दाखला हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या दाखल्यात आता हॅशचा आकडाही लिहावा लागतो.

तेव्हा सोसायटीच्या हिशेबात काँप्युटरवर कुणी फेरफार केल्याचा संशय आला, तर एक करा. "बघू तरी काय झालंय" म्हणून फायली उघडत बसू नका. नुसतं उघडल्यानंही तारखा-वेळा बदलू शकतात. यंत्राला कुणाला हात लावू देऊ नका. काय दिसलं, केव्हा दिसलं, तिथं कोण कोण होतं, ते कागदावर लिहा आणि पोलिसांना कळवा. पैशाची फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. आणि संशयिताचं नाव गावभर करण्याची घाई करू नका. यंत्रातल्या एका नावावरून निरपराध माणूसही बदनाम होऊ शकतो. विचिटाच्या पोलिसांनी एकतीस वर्षं वाट पाहिली होती, तरी नाव हाती आल्यावर आधी पडताळा घेतला आणि मगच हात घातला.